लँड रनच्या आधीचे कागद

पत्राचा सारांश : लग्नानंतर अमेरिकेत गेलेल्या एका बाईंचं हे पत्र आहे. त्या ओक्लाहोमातल्या एका सरकारी हायस्कुलात नववीला इतिहास शिकवतात. सध्या पश्चिमेकडच्या विस्ताराचा भाग चालू आहे: चेरोकी या मूळनिवासी जमातीला जॉर्जियातून हाकललं ती 'ट्रेल ऑफ टिअर्स', वसणाऱ्यांना सरकारी जमीन देणारा होमस्टेड कायदा, आणि 1889 ची लँड रन, म्हणजे इशारा होताच धावत जाऊन जमिनीवर हक्काची खुंटी ठोकण्याची शर्यत. पहिल्याच आठवड्यात एका मुलाच्या वडिलांचा ईमेल आला: "माझे पणजोबा लँड रनमध्ये आले होते. माझ्या मुलाला त्यांची लाज वाटेल असं काही शिकवू नका." त्याच आठवड्यात वर्गातली एक चेरोकी मुलगी तास संपल्यावर म्हणाली, "मिस, तुम्ही आमच्याबद्दल बोलता तेव्हा आम्ही सगळे मेलोय असं वाटतं." सहकाऱ्यांचं म्हणणं, फार खोलात जाऊ नकोस, मैदानावर झेंडे आणि खुंट्या देऊन लँड रनचा खेळ घे, मुलंही खूश आणि पालकही. नवरा म्हणतो, आपण बाहेरचे, या भानगडीत कशाला पडतेस. त्यात वर्गात वंशाबद्दल काय शिकवू नये हे सांगणाऱ्या राज्यातल्या 2021 च्या कायद्याची धास्ती. बाई विचारतात: दोन्ही बाजू सारख्या कशा मांडू? खेळ घेऊ का? आणि हा विषय शिकवायचा मला अधिकार तरी आहे का?

नमस्कार बाई,

तुमच्या पत्रात 'दोन्ही बाजू' पुन्हापुन्हा येतात, आणि मी तिथेच अडते. दोन कुठल्या? 22 एप्रिल 1889 ला दुपारी बाराच्या इशाऱ्याची वाट बघत सुमारे 50 हजार माणसं घोडे, बैलगाड्या, अगदी आगगाड्यासुद्धा घेऊन हद्दीवर थांबली होती. त्यांच्यात कॅन्सस-टेक्सासचे शेतकरी होते, युरोपातून आलेले होते आणि दक्षिणेतल्या छळातून निघालेली कृष्णवर्णीय कुटुंबंही होती. पुढच्याच वर्षी तिथे लँग्स्टन हे कृष्णवर्णीयांचं गाव वसलं. त्याचे एक प्रवर्तक एडवर्ड मॅककेब तर इथे कृष्णवर्णीय बहुमताचं राज्य होईल अशी आशा धरून होते. त्यांच्या लेखी ही जमीन म्हणजे सुटका होती. ती आधी क्रीक आणि सेमिनोल या मूळनिवासी जमातींची होती, आणि त्यांच्या लेखी तीच जमीन म्हणजे दिलेल्या शब्दाचा भंग होता. आणि 1907 मध्ये राज्य झाल्यावर नव्या विधिमंडळाने पहिला कायदा केला तो आगगाडीत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे करण्याचा. आता मॅककेबना कुठल्या बाजूला बसवणार?

बाजू दोनच धरल्या की माणूस तराजू घेऊन बसतो. एका वाक्याला लगेच उलट वजन: चेरोकी वाटेत मेले, पण वसाहतवाल्यांनीही हाल सोसले. असल्या 'पण'ने त्या वडिलांचं समाधान होत नाही आणि त्या मुलीचंही नाही. शिवाय मुलं हुशार असतात. बाई सावरून बोलतायत हे त्यांना दुसऱ्या मिनिटाला कळतं.

माझं म्हणणं असं, की तुम्ही निकाल देऊ नका, कागद द्या. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात गेली ती नुसत्या बंदुकीने नाही. करार, कायदे, मोजणी, नोंदणी, सही-शिक्का यांतून गेली. ही सगळी कागदपत्रं आज फुकट बघायला मिळतात, आणि नववीच्या मुलांना वाचता येतात.

एकच उदाहरण देते, कारण ते तुमच्याच मातीतलं आहे. यादवी युद्धात क्रीक आणि सेमिनोल लोकांपैकी काहींनी दक्षिणेशी करार केले, काही उत्तरेच्या बाजूने लढले. युद्ध संपल्यावर सरकारने सगळ्यांनाच एका दावणीला बांधलं आणि 1866 मध्ये नवे करार करायला लावले. सेमिनोलांच्या करारातलं तिसरं कलम छापून वर्गात वाटा. त्यांनी 21,69,080 एकर जमीन सरकारला दिली, एकरी 15 सेंट भावाने. मग राहायचं कुठे, म्हणून सरकारकडून 2 लाख एकर विकत घेतली, एकरी 50 सेंट भावाने. ती 2 लाख एकर सरकारकडे कुठून आली? क्रीकांकडून, त्याच वर्षी, एकरी 30 सेंटने. म्हणजे सेमिनोलांच्या नावावर 3,25,362 डॉलर लागले आणि त्यातले 1 लाख पुन्हा सरकारच्याच तिजोरीत गेले.

फळ्यावर 15, 30 आणि 50 एवढे तीन आकडे लिहा आणि गप्प बसा. 'अन्याय', 'लूट', 'विकास' यांतलं एकही विशेषण वापरू नका. मुलं गणित करतील आणि कुणीतरी मागच्या बाकावरून विचारेलच, "हे त्यांनी मान्य का केलं?" तुमचा खरा तास तिथून सुरू होतो. युद्धात हरलेल्यांबरोबर न हरलेल्यांनाही का धरलं? वॉशिंग्टनला बोलावून सह्या घेतल्या जातात तेव्हा 'मान्य' म्हणजे नेमकं काय? आणि जिथे लँड रन झाली ती ही जमीन सरकारने त्या करारांत इतर जमातींना आणि मुक्त झालेल्या गुलामांना वसवण्यासाठी घेतली होती, तर 1889 मध्ये ती सगळ्यांना खुली कशी झाली? त्यालाही उत्तर आहे आणि तेही कागदात आहे: काँग्रेसने आणखी पैसे मोजून ती अट काढून घेतली, आणि 23 मार्च 1889 ला राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी जाहीरनामा काढला. पळापळीला तेव्हा महिनासुद्धा उरला नव्हता.

आता त्या वडिलांकडे येऊ. मला ते वाईट वाटत नाहीत. त्यांना भीती आहे की कुणीतरी त्यांच्या पणजोबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करील. ही भीती तुम्ही 'नाही हो, असं काही नाही' म्हणून घालवू शकणार नाही. काम दाखवूनच घालवता येईल. फेडरल सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर जुनी जमीनपत्रं नावानिशी शोधता येतात. त्यांना लिहा की वर्गात आम्ही 1889 आधीचे आणि नंतरचे कागद वाचतो आहोत, तुमच्या घराण्याचा कागद सापडला आणि तुमची हरकत नसेल तर तो आम्हाला बघायला आवडेल. आले तर उत्तम. नाही आले तर त्या मुलाच्या घरचा कागद वर्गात आणू नका. दुसऱ्या कुठल्याही नावाचा घ्या.

त्या कागदावर जमिनीचा पत्ता असतो: टाउनशिप, रेंज, सेक्शन. एक सेक्शन 640 एकरांचा, त्याचा चौथा हिस्सा 160 एकर. होमस्टेड कायद्याने 1862 पासून एका अर्जदाराला तेवढीच जमीन मिळे, पाच वर्षं राहून कसली तर. तुमच्याकडचे रस्ते दर मैलाला काटकोनात का छेदतात, असं मुलांना विचारून बघा. शाळेची बस रोज त्याच मोजणीच्या रेघांवरून धावते. पणजोबांनी ती पाच वर्षं मातीच्या घरात काढली असतील, हेही खरं आणि तेही सांगायचं. त्यांचे कष्ट खोटे नव्हते. फक्त त्यांच्या कागदाच्या आधी अजून काही कागद होते.

'त्या काळाला आजची मोजपट्टी लावू नका' हा युक्तिवादही कुणीतरी करेलच. त्यावर वाद घालत बसू नका, मूळनिवासींना पश्चिमेकडे हलवण्याचा 1830 चा इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट काढा. प्रतिनिधिगृहात तो अगदी काठावर मंजूर झाला. न्यू जर्सीचे सिनेटर थिओडोर फ्रीलिंगहायसन त्याविरुद्ध तासन्‌तास बोलले. टेनेसीच्या डेव्हिड क्रॉकेटने आपल्याच राज्याच्या राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या विरोधात मत दिलं. बायकांना मताचा अधिकार नव्हता, तरी त्यांनी सह्या गोळा करून काँग्रेसकडे अर्ज पाठवले. त्या काळच्या मोजपट्ट्यासुद्धा एकाहून अधिक होत्या, हे मुलांना त्या काळच्याच लोकांकडून ऐकू दे.

खेळ घेऊ नका. पालक काय म्हणतील म्हणून नव्हे. ओक्लाहोमा सिटीच्या सरकारी शाळांनी तो 2014 मध्ये बंद केला, पण तेही माझं मुख्य कारण नाही. तो खेळ इतिहास म्हणूनच कच्चा आहे. मैदान मोकळं, घड्याळात बारा, शिट्टी वाजली, पळा. मैदान मोकळं कसं झालं हा प्रश्न पडायच्या आत मुलं पळत सुटतात. आणि ज्यांची जमीन होती त्यांची पोरं त्या वर्गात असली तर त्यांनी काय करायचं, खुंटी घेऊन पळायचं की कडेला उभं राहायचं?

नाट्यीकरण हवंच असेल तर माझा एक साधा दंडक आहे: सोसणाऱ्यांची भूमिका मुलांना देऊ नये, ठरवणाऱ्यांची द्यावी. उपाशीपोटी हजार मैल चाललेला माणूस व्हायला सांगितलं की वर्गात एकतर हसू फुटतं नाहीतर उगीच रडू. त्यापेक्षा वर्ग म्हणजे 1830 चं सिनेट करा. भाषणांतले उतारे द्या, मत द्यायला लावा, आणि मत का दिलं ते लिहून घ्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे आवडतं. (जाता जाता: वेळेआधी चोरून आत घुसलेल्यांना 'सूनर्स' म्हणत. आज राज्याच्या विद्यापीठाचे संघ तेच नाव अभिमानाने मिरवतात आणि तुमच्या वर्गात ते नाव छापलेले टीशर्ट ढिगाने असतील. नियम मोडणाऱ्याचं नाव मानाचं कसं झालं, यावर मुलं तासभर बोलतील. हा तास कुणालाही झोंबत नाही, म्हणून आधी हाच घ्या.)

ती चेरोकी मुलगी जे म्हणाली ते मात्र मला सगळ्यात जिव्हारी लागलं, आणि सगळ्यात उपयोगाचंही वाटलं. बहुतेक पाठ्यक्रमांत नेटिव्ह, म्हणजे मूळनिवासी, लोक 1890 च्या आसपास धड्यातून नाहीसे होतात. तुमच्या शाळेच्या पार्किंगमध्ये जाऊन गाड्यांच्या नंबरप्लेटा बघा. चेरोकी नेशनच्या प्लेटा दिसतील. त्यांचं सरकार टालेक्वा इथे आहे, त्यांचे दवाखाने आहेत, पोलीस आहेत, न्यायालयं आहेत. 9 जुलै 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने मॅकगर्ट खटल्यात पाच विरुद्ध चार असा निकाल दिला की क्रीक लोकांचं राखीव क्षेत्र काँग्रेसने कधी रद्दच केलेलं नाही. निकालाचं पहिलंच वाक्य असं, की ट्रेल ऑफ टिअर्सच्या पलीकडच्या टोकाला एक वचन होतं. एकोणिसाव्या शतकातले करार एकविसाव्या शतकात न्यायालयात कसे उभे राहतात, हे तुमच्या राज्याइतकं स्वच्छ कुठे दिसणार? निकालाच्या पहिल्या दोन पानांत वर्गाला पुरेल एवढा ऐवज आहे. विरोधातल्या न्यायमूर्तींचं म्हणणंही वाचून घ्या. तेही जोरकस आहे.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी. आपलं 'दर्पण' निघालं 6 जानेवारी 1832 ला, मराठी आणि इंग्रजी असं दोन स्तंभांत. त्याच्या चार वर्षं आधी, फेब्रुवारी 1828 मध्ये, जॉर्जियातल्या न्यू एकोटा इथून 'चेरोकी फीनिक्स' निघू लागलं, चेरोकी आणि इंग्रजीत. सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने 1821 च्या सुमारास स्वतः रचलेल्या लिपीचे खिळे पाडून. 1835 मध्ये जॉर्जियाच्या शिपायांनी छापखानाच जप्त केला. 'दर्पण' 1840 मध्ये थांबलं. 'फीनिक्स' मात्र मधल्या खंडानंतर पुन्हा उभं राहिलं आणि आज टालेक्वाहून निघतं. दर सोमवारी त्याची एखादी ताजी बातमी वर्गात वाचलीत, तरी त्या मुलीच्या तक्रारीला अर्धं उत्तर मिळेल.

उरलेलं अर्धं उत्तर जरा अवघड आहे. मेलेल्यांना जिवंत करताना आपण त्यांचे देव करतो. तेही नको. पूर्वेकडची जमीन सोडून देण्याचा 1835 चा न्यू एकोटाचा करार चेरोकींच्या एका छोट्या गटाने केला. प्रमुख जॉन रॉस यांनी त्याविरुद्ध हजारो सह्यांचा अर्ज नेला, तरी सिनेटने तो करार मान्य केला. एक मत कमी पडतं तर लागणारं दोन-तृतीयांश बहुमत झालं नसतं. सही करणाऱ्या मेजर रिज, जॉन रिज आणि इलायस बूडिनो यांना 1839 मध्ये त्यांच्याच लोकांनी ठार मारलं. बूडिनो हे 'फीनिक्स'चे पहिले संपादक. सुमारे 16 हजार चेरोकींना हाकललं, साधारण 4 हजार दगावले असं मानतात, आणि त्या वाटेवर चेरोकी धनिकांचे कृष्णवर्णीय गुलामही चालत होते. हे सगळं सांगा. ज्यांच्यात मतभेद असतात, स्वार्थ असतो, राजकारण असतं ती माणसं जिवंत वाटतात.

आणि कृपा करून त्या मुलीला 'तुमच्यात काय म्हणतात सांग' असं भर वर्गात विचारू नका. ती पंधरा वर्षांची आहे, राजदूत नाही. तिला बाजूला बोलावून एवढंच म्हणा की तुझं बोलणं मी मनावर घेतलं आहे. वर्गात कुणी बोलायला हवं असेल तर चेरोकी नेशनच्या किंवा तुमच्या जवळच्या जमातीच्या शिक्षण विभागाला पत्र लिहा. तुमच्या राज्यात केंद्राची मान्यता असलेल्या 38 जमाती आहेत. कुणी ना कुणी गाडीने तासाभरावर असेलच. पाहुण्यांना मानधन द्यायची सोय शाळेकडे आधी मागा.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण मी वकील नाही. त्या 2021 च्या कायद्याने, एचबी 1775 ने, बंदी घातली आहे ती अमुक वंशात जन्मला म्हणून विद्यार्थ्याने अपराधी वाटून घ्यावं, अशी शिकवण देण्यावर. राज्याच्या अभ्यासक्रमाच्या मानकांना धरून शिकवायला त्याच कायद्यात मोकळीक आहे, आणि ट्रेल ऑफ टिअर्स, लँड रन हे सगळं त्या मानकांत आहे. म्हणून प्रत्येक पाठाच्या टिपणावर मानकाचा क्रमांक घाला, विभागप्रमुखांना आधी दाखवा, त्यांचं 'ठीक आहे' लेखी ठेवा. शिक्षक संघटनेच्या सभासद नसाल तर व्हा. कागद देण्याच्या पद्धतीचा हाही फायदा आहे: तुम्ही कुणाला काय वाटून घ्या असं म्हणतच नाही.

राहिला तुमच्या मिस्टरांचा मुद्दा, आपण बाहेरचे. तुम्हीच लिहिता की त्यांनी एमएस तिथल्याच एका लँड-ग्रँट विद्यापीठातून केलं. महाराष्ट्रातली शेकडो मुलं दर वर्षी अशाच विद्यापीठांत जातात. पर्ड्यू, टेक्सास ए अँड एम, इलिनॉय, कॉर्नेल ही सगळी त्यातलीच. 1862 च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून कॉलेजं उभी राहिली. सुमारे 1 कोटी 7 लाख एकर, जवळपास अडीचशे जमातींकडून आलेली. त्या इतिहासाच्या बाहेर आपण कुठे आहोत? म्हणून लाजेने मान खाली घाला असं मी म्हणत नाही. पण 'आमचा काय संबंध' हे म्हणणं टिकत नाही.

याच्या उलटाही एक मोह असतो, 'आम्हीही इंग्रजांच्या राज्यात होतो, आम्हाला कळतं तुमचं दुःख.' तोही जपून. तुमच्या नाशकाशेजारच्या आदिवासींना विचारलं तर ते आपल्याला कुठल्या रांगेत उभं करतील, याची मला खात्री नाही. आणि जॉन गास्टचं 1872 चं ते प्रसिद्ध चित्र वर्गात लावाल, कारण सगळेच लावतात, तेव्हा त्यातल्या हवेत तरंगणाऱ्या बाईचे हात नीट बघा. तारायंत्राची तार ती ओढत नेते, आगगाड्या मागून येतायत, म्हशींसारखे बायसन आणि माणसं डावीकडच्या अंधारात पळतायत. हे चित्र एका प्रवासी मार्गदर्शिकेच्या प्रकाशकाने सांगून काढवून घेतलं होतं, म्हणजे जाहिरातच. आणि त्या बाईच्या उजव्या हातात आहे शाळेचं पुस्तक. 1879 पासून कार्लाइलसारख्या निवासी शाळांत नेटिव्ह मुलांचे केस कापले, भाषा बंद केली, ते शिक्षणाच्याच नावाने. तेव्हा मुलांनी 'हे पुस्तक कशाला?' असं विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

हाच भाग दुसरीकडे शिकवणाऱ्यांसाठीही दोन शब्द. पुण्या-मुंबईत आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळांत शिकवणाऱ्यांची अडचण वेगळी असते: मुलांच्या डोक्यात काउबॉयचे सिनेमे असतात. तिथे ओरेगन ट्रेलपासून सुरुवात करा. वसाहतवाल्यांच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या सुमारे दोन हजार मैलांच्या त्या वाटेवर माणसं मेली ती मुख्यतः कॉलऱ्याने आणि अपघातांनी, हल्ल्यांत फार थोडी. कॅलिफोर्नियात असाल तर 24 जानेवारी 1848 ला सोनं सापडलं आणि 2 फेब्रुवारीला मेक्सिकोने सही करून तो मुलूख सोडला, या नऊ दिवसांवर एक तास होतो. त्याच राज्यात रेल्वेसाठी डोंगर फोडणारे हजारो चिनी मजूर आणि 1882 चा चिन्यांना बंदी करणारा कायदा शेजारीशेजारी ठेवा. डकोटात असाल तर ब्लॅक हिल्सचे डोंगर सू जमातीकडेच राहतील असं ठरवणारा 1868 चा फोर्ट लॅरमीचा करार घ्या. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढे काढून घेतलेल्या त्या ब्लॅक हिल्सपोटी भरपाई मंजूर केली, ती रक्कम सू लोकांनी अजून घेतलेली नाही, कारण त्यांना जमीन हवी आहे. जिथे असाल तिथला कागद घ्या, एवढंच.

शेवटी परीक्षा, कारण मुलं शेवटी तेच विचारतात. 'पश्चिमेकडचा विस्तार योग्य होता का अयोग्य' असा प्रश्न घालू नका. मुलं तुमचा चेहरा आठवून उत्तर लिहितात. 1866 च्या कराराचं ते कलम, हॅरिसनचा जाहीरनामा आणि एक जमीनपत्र अशी तीन पानं प्रश्नपत्रिकेला जोडा. पहिल्या प्रश्नात विचारा की प्रत्येक कागद कुणी, कुणासाठी लिहिला. दुसऱ्यात विचारा की यात कुणाचा कागद नाही आणि तो मिळवायचा तर कुठे शोधशील. दुसऱ्या प्रश्नाला गुण जास्त ठेवा.